पाचवं कूपन

फाटकाशी त्यांनी माझ्या गळ्यात पेला अडकवला,
कापडी पिशवीतला,
बालवाडीतल्या पोराच्या गळ्यात वॉटरबॅग अडकवावी तसा,
आणि हातात पाच कूपनं दिली.
पाच घोट. पुढचे पदरचे.

गाव खाडीच्या तोंडाशी. गालिसिया म्हणतात या मुलखाला,
स्पेनचा हा ओला कोपरा.
इथे द्राक्षाचे वेल दगडी खांबांवर मांडवासारखे चढवतात,
तोडणारे आभाळाकडे बघत तोडतात,
म्हणून सप्टेंबरअखेर सगळ्या गावाची मान धरते,
असं कूपनं फाडणाऱ्या ब्राइसने सांगितलं,
ऑगस्टमध्येच मान चोळत.

पहिलं कूपन गडबडीत गेलं. चव आठवत नाही.
दुसऱ्याच्या वेळी बॅगपाइपवाले आले:
सहा म्हातारे, एक मुलगी,
आणि छाती फुगवून सगळ्यांत जोरात मुलगीच.

ऑक्टोपसपाशी रांग होती.
दोरिंदा त्याला तांब्याच्या हंड्यात तीनदा बुडवते, तीनदा वर काढते.
"घाबरवते," म्हणाली. "एकदम टाकला तर साल सोडतो."
मेलेल्याला काय घाबरवायचं, असं विचारणार होतो,
पण तिच्या हातात कात्री होती.
कचाकच तुकडे. लाकडी ताटली, जाडं मीठ, लाल तिखट,
वरून तेलाची धार, आणि टोचायला काड्या.
शेजारच्या माणसाने न विचारता माझ्यातला एक तुकडा उचलला
आणि आपला अर्धा पाव माझ्यासमोर ठेवला.
आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही.

तिसरं कूपन घेऊन तंबूत गेलो. परीक्षक बोलत होता.
हिरवं सफरचंद, म्हणाला. ओला दगड. समुद्रावरचा वारा.
ज्याची वाइन तो एलादिओ मागे उभा, टोपी हातात,
मुलीला बघायला आलेल्यांसमोर बाप उभा राहतो तसा.
सफरचंदाला तो गप्प राहिला.
दगडाला मात्र त्याने मान डोलावली.
दगड त्याच्या ओळखीचा होता.

चौथं एका पळत्या पोराने सांडवलं.

मग अगदी टोकाला, नंबर नसलेलं टेबल.
मेणकापड, एक पिंप, चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या
आणि काळ्या स्वेटरातली एर्मितास.
मी पाचवं कूपन पुढे केलं.
तिने ते परत माझ्या मुठीत कोंबलं.
"ही स्पर्धेत नाही. ही संपवायचीय."
बाकीचं ब्राइसने सांगितलं, थोडं इंग्रजीत, थोडं हातांनी:
नवरा फेब्रुवारीत गेला. हे त्याचं शेवटचं पिंप.
वेल उपटले, पुतण्या आता किवी लावतोय,
त्याच खांबांवर.
पिंप रिकामं झालं की तेही नेणार,
मधोमध कापून फुलझाडं लावायला.

मी वाटी दोन्ही हातांनी धरली.
आधी तुरट, मग घशाशी आंबूस,
चिंचेचा कोवळा पाला चघळावा तशी.
हे तिला कुठल्या भाषेत सांगणार?
"चांगली आहे?"
"जरा आंबट," मी म्हणालो.
ब्राइसने ते सांगताना डोळे मिटून घेतले.

ती हसली. सकाळपासून उभी असणार,
कारण आत्ता तिने खुर्ची ओढली.
"त्याची नेहमीच आंबट व्हायची.
चाळीस वर्षं सांगत आले, चार दिवस थांब, मग तोड.
ऐकेल तर शपथ.
आणि आज जो येतो तो म्हणतो, चांगली, चांगली.
मला वाटलं, मीच चुकले होते की काय."
मग तिने माझी वाटी पुन्हा भरली,
काठाच्या वर जाईल इतकी,
आणि मी वाकून, हात न लावता, पहिला घोट घेतला.

कूपन अजून पाकिटात आहे.
त्यावर छापलंय: फक्त त्याच दिवशी चालेल.

लाउडस्पीकरवर निकाल लागत होते. एलादिओ तिसरा.
बसकडे जाताना मागे पाहिलं:
एर्मितास पिंपाखाली वीट सरकवत होती,
ब्राइसने ते तिरपं धरलं होतं,
आणि अजून येत होती,
बारीक, पण येत होती.